उन्हाळी सुट्टीत कामाला येताय? मग हे वाचून या

मी छापखाना चालवते. पुस्तकं, पत्रिका, पावतीपुस्तकं, औषधांच्या खोक्यात घड्या घालून कोंबलेली ती बारीक अक्षरांची माहितीपत्रकं, जे येईल ते छापतो. सुट्टी जवळ आली की हायस्कूलच्या मुलामुलींचे मेसेज सुरू होतात आणि त्यातले निम्म्याहून जास्त शब्दाला शब्द सारखे असतात. ‘नमस्कार, मला तुमच्याकडे इंटर्नशिप करायची आहे. मला अनुभव हवा आहे. मी मेहनती आहे.’ यावर मी काय उत्तर द्यावं? अनुभव काही कपाटात रचून ठेवलेला नसतो. माझ्याकडे कामं असतात, ती ठरल्या तारखेला द्यायची असतात आणि ती करणाऱ्या माणसांकडे तुम्हाला शिकवायला जेमतेम वेळ असतो. त्या जेमतेम वेळाचं सोनं कसं करायचं, ते काम देणाऱ्याच्या बाजूने सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. कंपनी किती नावाजलेली आहे यावर काहीही अवलंबून नसतं. तुमच्या हातात एखादं छोटं पण खरं काम पडतं का, तुम्ही तिथे असेपर्यंत ते पुरं होतं का आणि ते नीट झालंय की नाही हे कुणी तपासतं का, यावर सगळं ठरतं. या तिन्ही गोष्टी मोठ्या काचेच्या इमारतीत मिळतीलच असं नाही. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात कदाचित सहज मिळतील.

जागा कशी निवडायची

आवडीच्या विषयापासून सुरुवात करा असा सल्ला सगळे देतात. पंधराव्या वर्षी आवड पक्की नसली तर काही बिघडत नाही. मी उलट सांगते, रोज डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. हातातलं पुस्तक, डोळ्यांवरचा चष्मा, घरातला पंखा, बसचं वेळापत्रक. यातली एखादी गोष्ट तयार कशी होते किंवा चालती कशी राहते, याचं तुम्हाला कुतूहल आहे का? असेल तर ती करणारी माणसं कुठे बसतात ते शोधा. चष्मेवाल्याच्या मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र असतं. पशुवैद्याकडे नोंदवही असते. वाचनालयात फाटलेल्या पुस्तकांचा ढीग असतो. ही सगळी कामाची ठिकाणंच आहेत.

त्यानंतर बघा की तुमच्या सुट्टीच्या मुदतीत तिथलं एखादं काम सुरू होऊन संपतं का. आमच्याकडे पातळ पुस्तक फाइल आल्यापासून बांधून बाहेर पडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत होतं, म्हणजे तीन आठवड्यांसाठी आलेल्या मुलाला पूर्ण चक्कर बघायला मिळते. पूल बांधणाऱ्या कंपनीत तसं होणार नाही. तिथे जायचं असेल तर तुकडा मागा, उदाहरणार्थ काँक्रीटचे ठोकळे दाबून त्यांची ताकद तपासतात ती प्रयोगशाळा. ओतलेल्या काँक्रीटची चाचणी ७ आणि २८ दिवसांनी करायची पद्धत आहे, त्यामुळे महिनाभरात एका ठोकळ्याचा जन्म आणि शेवट दोन्ही बघता येतो.

मुदतीप्रमाणे अपेक्षाही बदला. जपानच्या ह्योगो प्रांतात १९९८ पासून साधारण आठवीच्या वयाची मुलं एका आठवड्यात पाच दिवस शाळेऐवजी आसपासच्या दुकानांत, शेतांवर, दवाखान्यांत जातात. ‘ट्राय यारू वीक’ म्हणतात त्याला. जर्मनीत शाळकरी मुलांचं ‘प्राक्टिकुम’ साधारण दोन-तीन आठवड्यांचं असतं. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स शहरात १९९६ मध्ये ‘द मेट’ नावाची शाळा सुरू झाली, तिथे शाळेचं वर्षच असं आखलेलं असतं की मुलं आठवड्यातले दोन दिवस कामाच्या जागी जातात. पाच दिवसांत बघता येतं. तीन आठवड्यांत एखादं काम हाताला बसतं. वर्षभरात तुमच्यावर कुणी विसंबून राहू शकतं. आठवडाभर येऊन ‘मला मशीन चालवायला मिळालं नाही’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

विचारायचं कसं

मला आजवर आलेल्या मेसेजेसपैकी ज्याला मी लगेच ‘ये’ म्हटलं, तो साधारण असा होता:

‘नमस्कार मॅडम. मी नववीत शिकते. सुट्टीत ५ ते २३ तारखेपर्यंत रोज सकाळी १० ते १ येऊ शकते. तुम्ही छापलेला आमच्या शाळेचा वार्षिक अंक माझ्याकडे आहे. त्यात काही चित्रं दोन पानांवर पसरलेली आहेत. एक चित्र अगदी तंतोतंत जुळतं, बाकीची थोडी सरकलेली दिसतात. असं का होतं ते मला बघायचं आहे. मी टायपिंग करते, मोजायचा कंटाळा करत नाही. एक पुस्तक सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघता आलं आणि त्यातलं एखादं काम करायला मिळालं तर आवडेल. घरची लेखी परवानगी आणि शाळेचं पत्र आणेन. बुधवारी चारनंतर दहा मिनिटं भेटायला येऊ का?’

यात काय आहे ते बघा. तारखा आणि तास आहेत, म्हणजे मला वेळापत्रकात तिला बसवता आलं. आमचंच काम हातात घेऊन तिने ते बारकाईने पाहिलेलं आहे. ‘सरकलेली दिसतात’ हे वाचून मला थोडं लागलं, पण त्यामुळेच मी उत्तर दिलं. काय येतं ते साधेपणाने सांगितलंय, ‘नेतृत्वगुण’ वगैरे भानगड नाही. आणि शेवटी एक सोपा प्रश्न आहे, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येतं.

मेसेज स्वतः पाठवा. आई-बाबांनी फोन करून ‘आमच्या मुलाला जरा घ्या ना’ म्हटलं की मी घेतेही कधीकधी, पण तो मुलगा पहिल्या दिवसापासून पाहुणा होऊन बसतो. पालकांचं काम वेगळं आहे आणि महत्त्वाचं आहे. जागा स्वतः जाऊन बघणं, परवानगी लेखी देणं, तातडीला लागणारा फोन नंबर देणं, येण्याजाण्याची सोय बघणं. पहिल्या दिवशी दारापर्यंत सोडायला या, आत डोकावा, कोण कुठे बसतं ते पाहा आणि मग जा. दुपारी ‘जेवलास का’ विचारायला तीनदा फोन नको.

उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदा आठवण करा, एकदाच. नकार आला तर कारण विचारायला हरकत नाही. बऱ्याचदा नकार तुम्हाला नसतो. विम्यात अठराखालची मुलं बसत नाहीत, बसायला जागा नाही, सुट्टीतच त्यांचा हंगाम असतो. अशा वेळी अर्धा दिवस नुसतं बरोबर राहून बघू देता का, असं विचारा. तीन आठवड्यांना नाही म्हणणारी माणसं अर्ध्या दिवसाला सहसा हो म्हणतात, आणि त्या अर्ध्या दिवसात नीट वागलेल्या मुलांना पुढच्या सुट्टीत स्वतःहून बोलावतात.

आणि इंटर्नशिप देण्यासाठी जो तुमच्याकडेच पैसे मागतो, वर प्रमाणपत्राचा नमुना आधी दाखवतो, त्याला सरळ रामराम करा.

वय, पैसा आणि बोटं

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९७३ चा करार क्रमांक १३८ आहे. त्यात कामाला लागायचं किमान वय सक्तीचं शिक्षण संपण्याच्या वयापेक्षा आणि १५ पेक्षा कमी नसावं असं म्हटलंय. अर्थव्यवस्था आणि शिक्षणाच्या सोयी अपुऱ्या असलेल्या देशांना सुरुवातीला १४ ची सवलत आहे. आरोग्याला आणि शिक्षणाला धक्का लागणार नाही असं हलकं काम १३ ते १५ वयाच्या मुलांना देऊ द्यायची मुभा देशांना आहे. धोक्याचं काम मात्र १८ पर्यंत नाही. शाळेने आखलेल्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून चौदा वर्षांवरच्या मुलांनी केलेलं काम हा करार वेगळं धरतो. म्हणूनच शाळेचं पत्र आणा असं मी म्हणते, ती नुसती औपचारिकता नाही. प्रत्येक देशाचे स्वतःचे नियम याहून कडक असू शकतात, तेव्हा आपल्याकडचा नियम शाळेत विचारून घ्या.

आमच्या छापखान्यात याचा अर्थ काय? कटिंग मशीनला हात नाही. ते पाचशे कागदांची थप्पी एका झटक्यात कापतं. त्याला दोन बटणं असतात आणि दोन्ही एकाच वेळी दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही, कारण दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे ते पात्याखाली नसतात. एवढं समजावून सांगते, लांबून दाखवते, पण मशीन बंद असलं तरी तुम्ही त्याला शिवायचं नाही. पातं बंद मशीनमध्येही तितकंच धारदार असतं. छपाईच्या मशीनवर दोन रूळ एकमेकांकडे फिरतात तिथे कागद जसा ओढला जातो तशीच बाही ओढली जाते, गळ्यातलं ओळखपत्रही ओढलं जातं. केस बांधून, पायात बंद बूट घालून या. शाई धुवायच्या द्रावणाचा वास येतो त्या खोलीत मुलांना मी थांबू देत नाही.

तुम्ही कुठेही जा, पहिल्याच दिवशी विचारा: ‘इथे मी कशाला हात लावायचा नाही?’ जिथे या प्रश्नावर हसतात किंवा ‘काही नाही रे, होतं सगळं’ म्हणतात, तिथून परत या.

पैशांबद्दल मुलं विचारायला लाजतात, म्हणून मीच सांगते. साधी कसोटी आहे: तुम्ही आला नसतात तर त्या कामासाठी पगारी माणूस लावावा लागला असता का? लागला असता, तर तुम्ही शिकत नाही आहात, राबताय, आणि त्याचे पैसे मिळायला हवेत. अमेरिकेच्या कामगार खात्याने नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांतल्या बिनपगारी इंटर्नसाठी २०१८ मध्ये सात मुद्द्यांची जी कसोटी स्वीकारली, तिचाही रोख तोच आहे: या व्यवस्थेत जास्त फायदा कोणाचा होतोय? शिकण्यापुरतीच मुदत आहे का, शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतलंय का, पगारी माणसाची जागा इंटर्न भरतोय का, असे त्यातले काही मुद्दे. मी काय करते? पहिले दिवस शिकण्याचे. त्यानंतर एखाद्या मुलाने गिऱ्हाइकाला जाणारं काम नेमाने केलं तर त्याचे पैसे देते. आधी बोलून घ्या, म्हणजे नंतर कुढत बसायला नको.

पहिला आठवडा, म्हणजे कागद मोजणं

इथे सगळ्यांचा हिरमोड होतो, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्याकडे आलेल्या मुलाला पहिल्यांदा बाइंडिंगच्या टेबलावर बसवतात. कॉम्प्युटरवर नाही, मशीनवर नाही. पुस्तक तयार होताना बाइंडिंग सगळ्यात शेवटी येतं, आणि आम्ही शिकवायला सुरुवात तिथून करतो. ही आमचीच तऱ्हा आहे असं मला वाटायचं. पुढे वाचनात आलं की जीन लेव्ह नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता. तिथेही मुलं आधी काज-बटण, हातशिलाई, इस्त्री ही शेवटची कामं शिकतात, मग शिवण आणि सगळ्यात शेवटी कापड बेतणं. कारण उघड आहे. बटण चुकलं तर उसवून परत लावता येतं, कापड चुकीचं कापलं तर गेलं. आणि तयार झालेला कपडा हातात खेळल्यामुळे शिवणीचे तुकडे कुठे जुळायचे आहेत हे आधीच डोळ्यांत बसलेलं असतं. तेव्हा तुम्हाला शेवटचं, सोपं, कंटाळवाणं काम दिलं तर लगेच फुगून बसू नका. त्यामागे बहुधा हेच असतं.

आमचे बाइंडिंगवाले काका मुलांच्या हातात कागदाची थप्पी देतात आणि मोजायला सांगतात. मुलं एकेक सुटा करायला लागतात. काका बघत राहतात. मग थप्पीचा एक कोपरा धरून ते मनगट वळवतात, कागद पंख्यासारखे उलगडतात आणि पाचपाचच्या झुपक्यांनी मोजत अर्ध्या मिनिटात शंभर. ते बघून येणार नाही, मनगटालाच शिकावं लागतं. दोन दिवस तरी जातात.

मग मी दुसरी वाट दाखवते. कागदावर ‘८० जीएसएम’ लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. ए-० मापाचा कागद बरोबर एक चौरस मीटरचा असतो आणि त्यातून ए-४ चे सोळा निघतात. मग एका ए-४ चं वजन किती? पाच ग्रॅम. पाचशेचं रीम अडीच किलो. म्हणजे तराजूनेही मोजता येतं! एका मुलाने यावर मला विचारलं, ‘मग काका हाताने का मोजतात?’ मी म्हटलं, ‘मोजून बघ.’ त्याने तीच थप्पी दोन्ही पद्धतींनी मोजली, दोन्ही आकडे जुळेनात. हवेतला ओलावा कागद शोषून घेतो, वजन बदलतं, शिवाय प्रत्येक गठ्ठ्याचा कागद अगदी ८० चाच असतो असं नाही. मोठ्या ढिगाचा अंदाज घ्यायला तराजू, आणि नंबर घातलेली पावतीपुस्तकं मोजायला हात. हे त्याचं त्याने शोधलं. मापनातली चूक म्हणजे काय हे शाळेत त्याने पाठ केलेलं होतंच.

आता तो वार्षिक अंकाचा प्रश्न. एक कोरा कागद घ्या. मधोमध दुमडा, मग आडवा दुमडा, मग पुन्हा उभा, अशा तीन घड्या. कागदाचे आठ भाग, म्हणजे छापायच्या सोळा बाजू, आमच्या भाषेत सोळा पानं झाली. याला आम्ही फर्मा म्हणतो. न कापता, आत डोकावत, प्रत्येक बाजूच्या कोपऱ्यात पेन्सिलीने १ ते १६ आकडे घाला आणि कागद पूर्ण उलगडा. आकडे विखुरलेले दिसतील, अर्धे उलटे. आता घडीला लागून असलेल्या जोड्या बघा, पुस्तकाच्या कण्यापाशी ज्या एकमेकींना चिकटतात त्या. १ शेजारी १६. ४ शेजारी १३. ५ शेजारी १२. प्रत्येक जोडीची बेरीज १७. नेहमी. बत्तीस पानांच्या फर्म्यात ती ३३ येईल. का, ते तुम्हीच काढा.

आणि ८ शेजारी ९. पुस्तक उघडल्यावर सलग समोरासमोर येणारी आणि उलगडलेल्या कागदावरही खरोखर शेजारी असलेली ही एकच जोडी. तिथलं चित्र अखंड छापलं जातं, म्हणून तंतोतंत जुळतं. बाकी जोडपानांतली दोन पानं कागदावर दोन वेगळ्या ठिकाणी छापली जातात आणि बांधताना एकत्र येतात, म्हणून केसभर सरकतात. त्या मुलीने हे टेबलावर बसून कागद दुमडून काढलं, मी फक्त कागद दिला. दुसऱ्या दिवशी तिने एका लेखकाला शांतपणे सांगितलं की तुमचं पुस्तक १०० पानांचं आहे, म्हणजे सोळाचे सहा फर्मे आणि वर चार पानं. ती चार कमी केलीत तर बांधायला सोपं जाईल. लेखक माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

प्रश्न विचारायची वेळ

मशीन लावत असताना विचारू नका. रंग एकमेकांवर बसेपर्यंत सुरुवातीचे कागद वाया जातात, मशीनमनचा सगळा जीव त्या कागदांत असतो. प्रत्येक धंद्यात असा एक काळ असतो: स्वयंपाकघरात जेवणाची वेळ, दवाखान्यात सकाळ, दुकानात हिशेब मिटवायची वेळ. तो ओळखा, तेव्हा गप्प राहून बघा, खिशातल्या वहीत प्रश्न लिहून ठेवा आणि चहाच्या वेळी विचारा. खिशातली वहीच बरं का, फोन नको. फोन काढलेला मुलगा टिपणं घेतोय की गेम खेळतोय, हे दुरून कळत नाही.

‘हे काय आहे?’ विचारलंत तर नाव कळेल. ‘हे असं केलं नाही तर काय बिघडतं?’ विचारलंत तर माणूस खुर्ची ओढून बसेल. अनुभवी माणसाला आपण करतो ते का करतो हे सांगता येत नाही बऱ्याचदा, पण बिघडलेल्या कामाची गोष्ट मात्र त्याला तपशिलासकट आठवते.

तिसऱ्या दिवसापर्यंत तुम्हाला नुसतं फोटोकॉपी काढायला आणि फायली उचलायला लावत असतील तर? रुसू नका आणि निमूटपणे पंधरा दिवसही काढू नका. जिने किंवा ज्याने तुम्हाला घेतलं त्या माणसाकडे जा. ‘हे काम मी दुपारपर्यंत संपवते. त्यानंतर तासभर प्रूफ वाचायला बसू का? तपासून घ्यायला काका हो म्हणालेत.’ म्हणजे तक्रार न मांडता तयार प्रस्ताव द्यायचा: कोणतं काम, किती वेळ, तपासणार कोण. नाही म्हणणं मला अवघड करून टाका.

प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायची प्रत, वाचणं हे नवख्याला देण्याजोगं फार चांगलं काम आहे, कारण नवखा डोळा सरावलेला नसतो. आमच्याकडे एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा प्रूफ बघतो. फोन नंबर एकेक आकडा करून, नावं अक्षर-अक्षर करून. एकदा एका पत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाने सही करून परत पाठवलं होतं. दिवसभर तोंड न उघडणारा एक मुलगा म्हणाला, ‘त्या तारखेला गुरुवार नाहीये.’ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे सगळ्यांच्या माना वळल्या. खरंच नव्हता. तारीख बरोबर की वार बरोबर हे आम्ही ठरवायचं नसतं, गिऱ्हाइकाला फोन करायचा असतो, आणि तो फोन मी त्यालाच करायला लावला. घाम फुटला होता त्याला. त्या एका फोनमध्ये तो जे शिकला ते मला भाषण देऊन शिकवता आलं नसतं.

तुमच्याकडून काही चुकलं तर लगेच सांगा, दडवू नका. दहा कागद वाया गेलेले मला परवडतात. ते गुपचूप गठ्ठ्यात परत सरकवलेले परवडत नाहीत, कारण ते गिऱ्हाइकाच्या घरी सापडतात.

एक गोष्ट मात्र विचार न करता करायची आहे. कुणी नको तिथे हात लावला, घाणेरडं बोललं, एकटं थांबवून घेतलं, धोक्याचं काम गळ्यात मारलं, तर त्याच क्षणी निघायचं. पत्राची, प्रमाणपत्राची, ‘ते काय म्हणतील’ याची काळजी करायची नाही. त्याच दिवशी घरी आणि शाळेत सांगायचं.

रोजच्या चार ओळी

डेव्हिड कोल्ब या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं एक चक्र मांडलं: करणं, केलेल्याकडे मागे वळून बघणं, त्यातून एखादा नियम काढणं आणि तो पुन्हा करून पडताळणं. शाळेत पहिली पायरी राहून जाते. कामावर दुसरी आणि तिसरी राहून जातात, कारण संध्याकाळी सगळे दमलेले असतात. म्हणून रोज झोपण्याआधी चारच ओळी लिहा. ‘आज खूप शिकायला मिळालं’ असं लिहिलंत तर ते पान फुकट गेलं. असं लिहा:

‘जाड कागदाची घडी घातली, घडीवर शाई तडकली. काका म्हणाले, कागद उलटा घेतलास. कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने असतात, घडी तंतूंच्या दिशेने घातली तर साफ बसते, आडवी घातली तर तडकते. उद्या आधी कागद दोन्हीकडून वाकवून बघेन, ज्या बाजूने सहज वाकेल तिकडून घडी.’

हे टिपण तुम्हाला पुढे प्रवेशाच्या मुलाखतीत उपयोगी पडेल, ते सोडा. मला ते आत्ता उपयोगी पडतं. पुढच्या मुलाला मी तेच वाचायला देते.

वहीत गिऱ्हाइकांची नावं, त्यांचे आकडे, अजून बाहेर न आलेला मजकूर लिहायचा नाही. फोटोही नाहीत, स्टेटसवर तर नाहीच. आमच्याकडे प्रकाशनाआधीची पुस्तकं असतात, दवाखान्यात रुग्णांचे कागद असतात, वकिलाकडे अशिलांचे. फोटो हवाच असेल तर विचारा, आम्ही तुम्हाला रद्दीतला कागद हातात देऊन मशीनशेजारी उभं करतो.

जाताना

शेवटच्या दोन दिवसांत नवं काम घेऊ नका. हातातलं पुरं करा आणि ते कसं करायचं याचं एक पान लिहून ठेवा, तुमच्या जागी उद्या येणाऱ्याला समजेल असं.

पत्र मागणार असाल तर जायच्या आधी मागा. चार महिन्यांनी ‘मॅडम, मी उन्हाळ्यात आलो होतो’ असा मेसेज आला तर मला चेहरा आठवतो, काम आठवत नाही. मागताना कामाची यादी स्वतः लिहून द्या: कोणती कामं केली, किती प्रूफं वाचली, कोणती चूक पकडली, कोणतं टिपण मागे ठेवलं. ‘हुशार आणि होतकरू’ असं पत्र मी कुणालाही देऊ शकते आणि ते वाचणाऱ्यालाही हे ठाऊक असतं. ‘सही झालेल्या प्रूफातली वाराची चूक पकडली आणि गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून दुरुस्त करून घेतली’ हे वाक्य फक्त एकाच मुलाच्या पत्रात आहे.

बायोडेटातही तसंच लिहा. ‘मुद्रण क्षेत्रात इंटर्नशिप’ याऐवजी ‘९६ पानांच्या पुस्तकाचे फर्मे लावले, मोजले, प्रूफ तपासलं’. आणि ज्यांच्या शेजारी बसून शिकलात त्यांना, म्हणजे मालकाला नव्हे, काकांना, जाण्याआधी भेटून सांगा की काय शिकलात ते. पुढच्या मुलाला आपल्या टेबलाशी बसवायचं की नाही, हे आमच्याकडे तेच ठरवतात.